अपलोड केलेल्या कागदपत्रांचा सर्व्हरवरील मालक कोण?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

प्रवेश, शिष्यवृत्ती आणि नोकरभरती यांचे अर्ज आता बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावरूनच भरावे लागतात. अर्जासोबत आधार कार्डाची प्रत, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान आणि सहीचा फोटो अपलोड करायचा असतो, आणि शेवटी ‘आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे’ असे वाक्य पडद्यावर उमटले की पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. त्यानंतर ते कागद कोणत्या यंत्रावर, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या खात्याच्या मालकीने राहतात आणि त्यांना कोण हात लावू शकते, हे अर्जदाराला ठाऊक नसते. ते त्याला ठाऊक असावे अशी अपेक्षाही नाही. पण कागद मागवणाऱ्या संस्थेलाही ते ठाऊक नसते, आणि ही गोष्ट मला गंभीर वाटते. लहान शिक्षणसंस्था, पतसंस्था आणि स्थानिक संस्था यांच्या सर्व्हरची देखभाल करणे हा माझा व्यवसाय आहे. या कामात एक दोष मला इतक्या ठिकाणी दिसला आहे की त्याविषयी जाहीरपणे लिहिणे आवश्यक वाटले. नागरिकांचे कागद ज्या फोल्डरमध्ये साठतात, त्या फोल्डरची परवानगी सर्रास ‘७७७’ करून ठेवलेली असते.

ही संख्या काय सांगते, ते तंत्रज्ञ नसलेल्या वाचकांसाठी आधी स्पष्ट करतो. बहुतेक संकेतस्थळे लिनक्स या कार्यप्रणालीच्या सर्व्हरवर चालतात आणि लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला व फोल्डरला एक मालक-खाते आणि एक गट असतो. खाते म्हणजे त्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाची किंवा प्रोग्रॅमची ओळख. मालकाने काय करावे, गटातील खात्यांनी काय करावे आणि उरलेल्या सर्वांनी काय करावे, हे तेथे तीन स्वतंत्र अंकांनी ठरते. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १, अशी बेरीज करून प्रत्येक अंक तयार होतो. म्हणजे ६४० असेल तर मालक वाचू व लिहू शकतो, गट केवळ वाचू शकतो आणि इतरांना काहीच करता येत नाही. ७५५ असेल तर मालकाला सर्व अधिकार असतात, बाकीच्यांना लिहिण्याचा नसतो. आणि ७७७ असेल तर त्या यंत्रावरील कोणत्याही खात्याला, कोणत्याही प्रोग्रॅमला, काहीही करण्याची मुभा असते. ही पद्धत १९७० च्या दशकातील युनिक्सपासून चालत आलेली आहे आणि तिच्यात कालबाह्य झालेले असे फारसे काही नाही. दोष आपल्या वापरात आहे.

फोल्डरच्या बाबतीत या अंकांचा अर्थ थोडा वेगळा होतो आणि अनेक अनुभवी मंडळीही येथे गोंधळतात. फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार असणे म्हणजे त्यात नव्या फाइली निर्माण करण्याचा, असलेल्या फाइलींची नावे बदलण्याचा आणि त्या पुसून टाकण्याचा अधिकार असणे होय. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याच्या दाखल्याची फाइल ४४४, म्हणजे सर्वांसाठी केवळ वाचनीय, अशी करून ठेवली तरी ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो ७७७ असेल, तर त्या यंत्रावरील कोणतेही खाते ती फाइल पुसून तिच्या जागी त्याच नावाची दुसरी फाइल ठेवू शकते. तात्पुरत्या फाइलींच्या ‘टेम्प’ फोल्डरमध्ये हे होऊ नये म्हणून लिनक्सने स्टिकी बिट नावाची वेगळी खूण ठेवली आहे, पण अपलोडच्या फोल्डरवर ती कोणी लावत नाही.

‘सर्व्हर आमचाच आहे, त्यावर इतर कोण असणार?’ असे उत्तर मला संस्थाचालकांकडून ऐकायला मिळते. प्रत्यक्षात त्याच यंत्रावर मेल पाठवणारा प्रोग्रॅम असतो, डेटाबेस असतो, ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे असतात आणि बहुधा त्याच कंत्राटदाराने बसवलेली आणखी पाच-सहा संकेतस्थळे असतात. त्यांपैकी एखादे चार वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी उभे केलेले आणि नंतर कोणी न पाहिलेले वर्डप्रेस (संकेतस्थळ उभारण्याचा तयार प्रोग्रॅम) असते. त्या विसरलेल्या संकेतस्थळात शिरलेल्या माणसाला शेजारच्या महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जांपर्यंत जाण्यासाठी मग वेगळे कुलूप तोडावे लागत नाही. ही सगळी संकेतस्थळे वेब सर्व्हरच्या, म्हणजे पाने पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, एकाच खात्याखाली चालत असतील, तर परवानगी ७५० करूनही उपयोग नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने ती सर्व एकच व्यक्ती असते. पीएचपी या संकेतस्थळांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत २०१० पासून पीएचपी-एफपीएम ही सोय मूळ वितरणातच आहे आणि तिच्यामुळे प्रत्येक संकेतस्थळ स्वतंत्र खात्याखाली चालवता येते. ती वापरायला वेगळा खर्च येत नाही, तरी लहान सर्व्हरवर मला ती क्वचितच वापरलेली दिसते.

७७७ करणारा तंत्रज्ञ आळशी किंवा बेफिकीर असतो असे मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा तो एका खऱ्या अडचणीत सापडलेला असतो, आणि ती अडचण नीट पाहिल्याशिवाय हा दोष जाणार नाही. माझ्या पाहण्यातील एक प्रकार सविस्तर सांगतो. एका संस्थेचे अर्ज पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील जँगो या तयार चौकटीवर लिहिलेले होते. विद्यार्थ्यांचे फोटो आणि सह्या व्यवस्थित दिसत होत्या, पण गुणपत्रिकांची स्कॅन केलेली पाने उघडायला गेले की ‘४०३, परवानगी नाही’ असा संदेश येई. तेही सर्वांच्या बाबतीत नव्हे, काहींच्याच. विद्यार्थ्यांनी चुकीच्या फाइली दिल्या असाव्यात, असा कार्यालयाचा समज झाला आणि त्यांना पुन्हा अपलोड करायला सांगण्यात आले. पुन्हा तेच झाले.

कारण असे होते. जँगो अडीच एमबीपर्यंतची फाइल मेमरीत घेतो आणि मग ती अपलोडच्या फोल्डरमध्ये नव्याने लिहितो, त्यामुळे तिला सर्व्हरच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे परवानगी मिळते. त्याहून मोठी फाइल मात्र तो आधी तात्पुरत्या जागी उतरवून घेतो. तात्पुरत्या फाइली सुरक्षिततेसाठी ६०० परवानगीने, म्हणजे केवळ मालकाला वाचता येतील अशा, तयार होतात आणि तेथून ती फाइल जशीच्या तशी हलवली जाते. अर्जाचा प्रोग्रॅम एका खात्याखाली आणि फाइली दाखवणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर दुसऱ्या खात्याखाली चालत असल्याने एनजिनएक्सला लहान फाइली वाचता येत होत्या, मोठ्या येत नव्हत्या. जँगोच्या डिसेंबर २०१९ मधील ३.० आवृत्तीपासून ही विसंगती दूर झाली आणि कोणतीही फाइल ६४४ परवानगीने ठेवली जाऊ लागली. जुन्या आवृत्तीतही सेटिंगमधील एका ओळीने हे साधता येत होते. पण अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली, कार्यालयातून सतत फोन येत असलेले, अशा वेळी त्या तंत्रज्ञाने संपूर्ण फोल्डरला आतल्या सर्व फाइलींसह ७७७ लावून टाकले. जुन्या फाइली दिसू लागल्या, पण नव्याने येणाऱ्या मोठ्या फाइली पुन्हा ६०० नेच येत राहिल्या. तेव्हा त्याने तीच आज्ञा दर पाच मिनिटांनी आपोआप चालेल अशी व्यवस्था करून ठेवली. तो तरुण पुढे दुसऱ्या नोकरीला गेला आणि ती आज्ञा रात्रंदिवस चालू राहिली.

अशा व्यवस्थेतून नेमका कोणता धोका उद्भवतो, त्याचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवून समजून घेतले पाहिजेत.

पहिला भाग लिहिण्याचा आहे. अपलोडची सोय म्हणजे अनोळखी माणसाला आपल्या यंत्रावर फाइल ठेवण्याची दिलेली परवानगी. ती दिल्याशिवाय काम होत नाही, हे मान्य. पण त्याने गुणपत्रिकेऐवजी पीएचपीमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम ठेवला आणि वेब सर्व्हर त्या फोल्डरमधील पीएचपी फाइल चालवून दाखवण्यास तयार असेल, तर तो माणूस घरबसल्या ब्राउझरमधून आपल्या सर्व्हरला आज्ञा देऊ लागतो. याला वेब शेल म्हणतात. येथे एक मोठा गैरसमज आहे. फाइलची परवानगी ६४४ ठेवली, म्हणजे ‘चालवण्या’चा अंक काढून घेतला, की ती चालणार नाही, असे पुष्कळांना वाटते. पीएचपीची फाइल स्वतः चालत नाही. पीएचपीचा प्रोग्रॅम ती वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो, म्हणून त्याला केवळ वाचण्याचा अधिकार पुरतो. अपलोडचा डिस्कचा भाग ‘नोएक्झेक’ (येथून प्रोग्रॅम चालवू नयेत) या पर्यायाने जोडला तरी याच कारणाने वेब शेल अडत नाही. ती अडवण्याची खरी जागा वेब सर्व्हरच्या मुख्य संरचनेत आहे. अपलोडच्या फोल्डरमधील कोणतीही फाइल पीएचपीकडे सोपवायची नाही, असे तेथेच स्पष्ट लिहावे लागते.

हाच नियम अनेकजण अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या एचटीॲक्सेस या नियमांच्या फाइलमध्ये लिहितात आणि ती फाइल अपलोडच्या फोल्डरमध्येच ठेवतात. ज्या फोल्डरमध्ये बाहेरच्या माणसाला लिहिता येते, त्याच फोल्डरमध्ये संरक्षणाचा नियम ठेवणे मुळातच चूक आहे, कारण नाव तपासण्यात थोडी जरी ढिलाई असली तरी दुसरी एचटीॲक्सेस फाइल अपलोड करून पहिली निष्प्रभ करता येते. त्याहून वाईट असे की एनजिनएक्स ही फाइल वाचतच नाही. वेग वाढावा म्हणून संकेतस्थळ अपाचेवरून एनजिनएक्सवर नेले जाते, फाइल जागच्या जागी असते, तंत्रज्ञाला संरक्षण आहे असे वाटत राहते, आणि ते संरक्षण स्थलांतराच्या दिवसापासून गेलेले असते.

मालकीचा मुद्दा येथे सर्वांत महत्त्वाचा ठरतो. सरकारी कचेरीत खिडकीवर अर्ज स्वीकारणाऱ्या लिपिकाला अर्ज आवक करून घेण्याचा अधिकार असतो, आतल्या कपाटातील नियमावलीची पाने बदलण्याचा नसतो. संकेतस्थळाच्या कोडच्या फाइली ज्या खात्याच्या मालकीच्या आहेत, त्याच खात्याखाली जर संकेतस्थळ चालत असेल, तर हा फरक उरत नाही. अपलोडमधून शिरलेला माणूस मग लॉगिनचे पान बदलून येणाऱ्या प्रत्येकाचा पासवर्ड स्वतःकडे वळवू शकतो, शुल्क भरण्याच्या पानावरील खाते क्रमांक बदलू शकतो, आणि आपण वेब शेल शोधून पुसली तरी त्याने कोडमध्ये पेरलेली दुसरी वाट शिल्लक राहते. म्हणून कोड एका खात्याच्या मालकीचा असावा आणि संकेतस्थळ चालवणाऱ्या खात्याला तो फक्त वाचता यावा. अपलोडचा फोल्डर चालवणाऱ्या खात्याच्या मालकीचा असावा, पण तेथून काहीही चालू नये. जेथे लिहिता येते तेथून चालवता येऊ नये आणि जेथून चालते तेथे लिहिता येऊ नये, एवढी एक अट पाळली तरी धोक्याचा बराच मोठा भाग कमी होतो.

वर्डप्रेसच्या बाबतीत या अटीला एक प्रामाणिक अडचण आहे, ती लपवू नये. वर्डप्रेस स्वतःला आणि प्लगइनना (त्याला जोडलेल्या पूरक प्रोग्रॅमना) आपोआप अद्ययावत करतो, आणि त्यासाठी त्याला स्वतःच्याच कोडवर लिहावे लागते. कोडची मालकी वेगळी केली की ही सोय बंद पडते. वर्डप्रेसची अधिकृत शिफारस फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ अशी आहे आणि ७७७ कुठेही देऊ नये असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे, पण कोडचा मालक कोण असावा याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. माझे मत असे की ज्या संस्थेकडे महिन्यातून एकदाही सर्व्हर पाहणारा माणूस नाही, तिने आपोआप होणारे अद्ययावतीकरण चालू ठेवावे, कारण दुरुस्ती न केलेले जुने प्लगइन हा मालकीच्या घोळापेक्षा मोठा धोका आहे. पण अशा संस्थेनेही अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणार नाही एवढे केलेच पाहिजे. जेथे माणूस आहे, तेथे कोडची मालकी वेगळी ठेवून अद्ययावतीकरण त्या खात्यातून हाताने करावे.

दुसरा भाग वाचण्याचा आहे, आणि नागरिकांच्या दृष्टीने तोच अधिक जिव्हाळ्याचा आहे. परवानग्या अगदी काटेकोर असल्या, तरी अपलोडचा फोल्डर संकेतस्थळाच्या सार्वजनिक भागात असेल तर वेब सर्व्हर स्वतःच त्या फाइली मागेल त्याला देतो. फाइलचे नाव अर्ज क्रमांकावरून किंवा मोबाइल क्रमांकावरून ठेवलेले असले की पत्त्यातील शेवटचा आकडा बदलून शेजारच्या अर्जदाराचा दाखला पाहता येतो. हे केवळ लहान संस्थांकडूनच होते असे नाही. अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या मालमत्तेच्या मालकी-हक्काचा विमा (टायटल इन्शुरन्स) देणाऱ्या मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर कागदपत्राच्या पत्त्यातील क्रमांक बदलला की दुसऱ्या ग्राहकाचे कागद लॉगिनशिवाय दिसत होते, असे मे २०१९ मध्ये उघडकीस आले. २००३ पासूनच्या सुमारे ८८ कोटी ५० लाख नोंदी अशा उघड्या होत्या आणि त्यांत बँक खात्यांचे तपशील व सामाजिक सुरक्षा क्रमांक होते. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने या प्रकरणात २०२३ मध्ये १० लाख डॉलरचा दंड वसूल केला. त्या सर्व्हरवर कोणी घुसखोरी केली नव्हती. दार उघडेच होते.

यावरचा उपाय फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. अपलोडचा फोल्डर सार्वजनिक भागाच्या बाहेर ठेवावा, फाइलचे मूळ नाव टाकून देऊन तिला अंदाज बांधता न येणारे नाव द्यावे, आणि फाइल मागणारा माणूस कोण आहे व त्याला ती पाहण्याचा अधिकार आहे का, हे अर्जाच्या प्रोग्रॅमने आधी तपासावे. तपासणी झाल्यावर प्रत्यक्ष फाइल पाठवण्याचे काम प्रोग्रॅम वेब सर्व्हरकडे सोपवू शकतो. त्यासाठी एनजिनएक्समध्ये एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट आणि अपाचेसाठी एक्स-सेंडफाइल अशी सोय आहे, त्यामुळे वेगाची तक्रारही राहत नाही. आता अनेक संस्था फाइली स्वतःच्या सर्व्हरऐवजी क्लाउडवर ठेवतात. ॲमेझॉनच्या एस-३ सेवेत एप्रिल २०२३ पासून नवीन साठा मुळातच सार्वजनिक प्रवेश बंद ठेवून तयार होतो. त्याआधीचे साठे मात्र जसे होते तसेच आहेत आणि ते स्वतः जाऊन पाहावे लागतात.

तंत्रज्ञ वाचकांसाठी प्रत्यक्ष मांडणीविषयी थोडे लिहितो. अपलोडच्या फोल्डरचा मालक अर्जाचे खाते, गट वेब सर्व्हरचा आणि परवानगी २७५० अशी ठेवावी. सुरुवातीचा २ हा सेटजीआयडीचा आहे आणि त्यामुळे आत निर्माण होणाऱ्या फाइलींना फोल्डरचाच गट मिळतो. फाइली ६४० ने याव्यात म्हणून अर्ज चालवणाऱ्या सेवेचा यूमास्क ०२७ ठेवावा, आणि जँगोसारख्या चौकटीत फाइलची परवानगी सेटिंगमध्ये वेगळी दिलेली असते, ती नागरिकांच्या कागदांसाठी ६४४ वरून ६४० वर आणावी. यात एक खाचखळगा आहे. सेटजीआयडीचा परिणाम नव्याने निर्माण होणाऱ्या फाइलीवर होतो, त्याच डिस्कवरील दुसऱ्या फोल्डरमधून हलवून आणलेल्या फाइलीवर होत नाही. वर सांगितलेल्या मोठ्या फाइली तात्पुरत्या जागेतून हलवल्या जातात, म्हणून त्यांचा गट जुनाच राहतो आणि पुन्हा ४०३ दिसू लागतो. तात्पुरती जागाही त्याच मालकीच्या आणि त्याच सेटजीआयडीच्या फोल्डरमध्ये नेली की हा प्रश्न मिटतो. रेडहॅट घराण्यातील सर्व्हरवर परवानग्या अचूक असूनही लेखन अडले, तर कारण बहुधा सेलिनक्स या अतिरिक्त सुरक्षा-व्यवस्थेत असते. तेथे अपलोडच्या फोल्डरला लेखनयोग्य वेब मजकुराचे लेबल द्यावे. सेलिनक्स पूर्ण बंद करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो कृपया कोणी मानू नये.

सर्व्हर बदलताना या मालक्या हमखास बिघडतात. लिनक्स मालकाचे नाव साठवत नाही, क्रमांक साठवतो. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर वेब सर्व्हरच्या खात्याचा क्रमांक ३३ असतो, रेडहॅट घराण्यात अपाचेचा ४८. एका घराण्यातून दुसऱ्यात फाइली क्रमांकांसह नेल्या की त्यांचा मालक भलताच होतो किंवा कोणीच राहत नाही. रूट या सर्वाधिकारी खात्यातून साधी नक्कल केली तर सर्व फाइली रूटच्या होतात. डॉकर या, प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनामध्येही आतल्या आणि बाहेरच्या खात्यांचे क्रमांक जुळले नाहीत की हेच घडते. स्थलांतराच्या रात्री हे निस्तरण्यापेक्षा ७७७ लावणे सोपे वाटते, आणि ते तसेच राहून जाते.

कायद्याची बाजू संस्थाचालकांनी आवर्जून पाहावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती गोळा करणाऱ्यावर वाजवी सुरक्षा उपाय करण्याची जबाबदारी टाकलेली आहे, आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहितीवरची प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली असली तरी ही जबाबदारी माहिती मागवणाऱ्याकडेच राहते. ‘ते सगळे कंत्राटदार पाहतो’ हे उत्तर त्यामुळे पुरेसे नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार माहिती उघड होण्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रावरील हालचालींच्या नोंदी, जपावे लागतात. सर्व संकेतस्थळे, कोड आणि अपलोड एकाच खात्याच्या मालकीचे असतील, तर त्या लॉगमधून कोणती फाइल कोणी बदलली हे सांगणेही अवघड होते, कारण बदलणारे खाते प्रत्येक वेळी तेच असते.

संस्थांच्या निविदा आणि कार्यादेश मी वाचत असतो. त्यांत मेमरी किती, डिस्क किती, मुखपृष्ठावर किती छायाचित्रे सरकावीत, अभ्यागत मोजणारा आकडा कोठे असावा, हे सर्व असते. अपलोड झालेल्या कागदांचा मालक कोणते खाते असेल, कोडवर लिहिण्याचा अधिकार कोणाला असेल, अपलोडच्या फोल्डरमधून प्रोग्रॅम चालणार नाही याची खात्री कशी दाखवली जाईल, आणि प्रवेश न मिळालेल्या अर्जदारांची कागदपत्रे केव्हा व कोण पुसेल, यांतले एकही वाक्य मला सहसा आढळत नाही. ही चार वाक्ये कार्यादेशात घालावीत, अशी माझी सर्व संस्थाचालकांना आग्रहाची विनंती आहे. तपासणीही अवघड नाही. कोणालाही लिहिता येईल अशा फाइली व फोल्डर शोधून काढणारी ‘फाइंड’ ही आज्ञा कोणताही तंत्रज्ञ एका मिनिटात चालवू शकतो. संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये तिचे उत्तर रिकामे आले पाहिजे. त्याचबरोबर त्याने स्वतःच एक ओळ छापणारी निरुपद्रवी पीएचपी फाइल अपलोडच्या फोल्डरमध्ये ठेवून ती ब्राउझरमध्ये उघडून दाखवावी. नकार आला तर संरचना ठीक आहे. ती ओळ छापली गेली तर अर्ज स्वीकारणे थांबवून आधी ते दुरुस्त करावे. चाचणी झाल्यावर ती फाइल लगेच पुसावी. सार्वजनिक फोल्डरमध्ये कोणी सोयीसाठी ठेवलेली बॅकअपची झिप फाइल आहे का, तेही त्याच वेळी पाहावे, कारण तिच्यात सर्वच अर्जदारांचे कागद एकत्र सापडतात.

आणखी एक गोष्ट कंत्राट संपताना करावयाची आहे. जुन्या कंत्राटदाराचे खाते सर्व्हरवरून काढून टाकले तरी त्याच्या मालकीच्या फाइली तेथेच राहतात आणि त्यांच्यावर केवळ त्याचा क्रमांक उरतो. पुढे नवीन कंत्राटदारासाठी किंवा एखाद्या प्रशिक्षणार्थीसाठी खाते उघडले आणि लिनक्सने त्याला तोच मोकळा क्रमांक दिला, तर मागील सर्व वर्षांच्या त्या फाइलींचा तो आपोआप मालक होतो, आणि ६०० परवानगीच्या फाइलीही त्याला उघडता येतात. म्हणून खाते काढण्याआधी त्याच्या मालकीच्या फाइली शोधून त्यांची मालकी अर्जाच्या खात्याकडे वळवावी, इतर खात्यांमध्ये त्याने नोंदवलेल्या प्रवेशाच्या चाव्या काढून टाकाव्यात, आणि हे झाल्याची लेखी नोंद घेतल्यानंतरच त्याचे शेवटचे देयक मंजूर करावे.

आपला विश्वासू,
एक सर्व्हर-व्यवस्थापक, सांगली